यंत्राच्या नाकालाही पासंग लागतो



कोंबड्यांच्या शेडचे दार उघडून बाहेरचा माणूस आत आला की पहिल्याच श्वासाला त्याच्या डोळ्यांत पाणी येते. तो असतो अमोनियाचा उग्र वास. पण दिवसभर त्याच शेडमध्ये दाणापाणी करणाऱ्या माणसाला विचारा. तो म्हणेल, "कुठे काय वास आहे?" तो खोटे बोलत नाही. त्याचे नाक त्या वासाला सरावलेले असते. कांद्याच्या चाळीतही असेच होते. चाळीच्या कोपऱ्यात सड सुरू झाली तर ती घरच्या माणसाआधी पाहुण्याला कळते.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत वास हुंगणाऱ्या यंत्रपेट्या आपल्या खेड्यापाड्यांत येऊ लागल्या आहेत. स्वयंपाकघरात गॅस गळतीचा भोंगा आला, शेडमध्ये अमोनियाची पेटी आली आणि आता कांद्याच्या चाळीतही "सड लागली तर मोबाइलवर निरोप येईल" असे सांगून पेट्या विकल्या जात आहेत. या पेट्या निरुपयोगी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. माझे सांगणे एवढेच की यंत्राचे नाकसुद्धा सरावते, थकते आणि फसते. तराजू घेतल्यावर आपण आधी रिकाम्या पारड्यांचा पासंग पाहतो की नाही? तसाच पासंग या पेटीचाही काढावा लागतो. त्यात पेटी बॅटरीवर आणि सूर्यपत्र्यावर चालणारी असेल तर आणखी एक अडचण येते. वीज वाचवायला गेलो की आकडा बिघडतो आणि आकडा सांभाळायला गेलो की बॅटरी उतरते. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधाव्यात, ते आज पाहू.

सिन्नर तालुक्यातल्या एका गावची हकिकत सांगतो. एका बागायतदाराने उन्हाळी कांदा चाळीत भरला आणि वास घेणारी पेटी बसवली. जुलैच्या सुरुवातीला चार दिवस झड लागली आणि पेटीने निरोपावर निरोप पाठवायला सुरुवात केली. घाबरून त्यांनी अर्धी चाळ फोडली, मजूर लावून कांदा निवडला आणि मिळेल त्या भावात विकला. कांदा चांगलाच होता. पेटीने सड नव्हे, पावसाळी हवेतला ओलावा हुंगला होता. त्यांनी वैतागून पेटीची वायरच काढून टाकली. पुढे सप्टेंबरात उरलेल्या अर्ध्या चाळीला खरोखरच सड लागली, तेव्हा सांगायला कोणी नव्हते. एकाच हंगामात दोनदा नुकसान झाले. पेटी मोडकी नव्हती, तिचा पासंग कोणी काढलेला नव्हता.

हे नाक काम कसे करते?

स्वस्त पेट्यांतून जो सेन्सर असतो तो बहुधा कथिलाच्या भस्माचा, म्हणजे टिन ऑक्साइडचा असतो. नाओयोशी तागुची या जपानी संशोधकाने १९६२ मध्ये ही युक्ती काढली. त्या काळात जपानमध्ये घरोघरी प्रोपेन गॅस आला होता आणि गळतीने स्फोट होऊन माणसे दगावत होती. गळती वेळीच कळावी एवढाच त्याचा हेतू होता. आज आपल्याकडे एमक्यू-२, एमक्यू-१३५ अशा नावांनी दोनशे रुपयांच्या आत-बाहेर जे सेन्सर मिळतात, ते याच घराण्यातले आहेत.

युक्ती साधी आहे. टिन ऑक्साइडच्या लहानशा गोळीला आतून एक बारीक हीटर तापवतो. ती दोनशे ते चारशे अंशांच्या दरम्यान तापली की हवेतला प्राणवायू तिच्या अंगावर येऊन बसतो आणि तिच्यातली वीज अडवून धरतो. म्हणजे स्वच्छ हवेत तिचा विरोध जास्त असतो. गळतीचा गॅस किंवा सडक्या मालाची बाष्पे आली की ती हा प्राणवायू खाऊन टाकतात, विजेची वाट मोकळी होते आणि विरोध उतरतो. विरोध किती उतरला यावरून वायू किती आला, हे पेटी ठरवते. हा विरोध किलोओहममध्ये मोजतात. खाली जे आकडे येतील ते याच मापातले आहेत.

एक गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी. हे नाक वासावासांत भेद करीत नाही. सडक्या कांद्यातून गंधकाचे वायू निघतात, अल्कोहोलसारखी बाष्पे निघतात, सड वाढली की अमोनियाही निघतो. पेटीला हे सगळे एकच. ट्रॅक्टरचा धूर, विडी, उदबत्ती, चुलीचा धूर हेही तिला त्याच माळेतले मणी वाटतात. म्हणून "आमची पेटी फक्त सड ओळखते" असे कोणी सांगितले तर त्याचे बोलणे अर्धेच धरावे.

आकडा का सरकतो?

वायू काहीच नसतानाही पेटीचा आकडा हळूहळू जागा सोडतो. तंत्रज्ञ याला ड्रिफ्ट म्हणतात. आपण सरक म्हणू. ती चार वाटांनी येते.

पहिली वाट हवामानाची. हवेत दमटपणा वाढला की गोळीचा विरोध आपोआप उतरतो आणि पेटीला वाटते की वायू आला. थंडी-उन्हानेही फरक पडतो. सिन्नरच्या त्या चाळीत घडले ते हेच. ही सरक तात्पुरती असते. ऊन पडले की आकडा परत जागेवर येतो.

दुसरी वाट वयाची. तापून तापून गोळी आणि तिचा हीटर दोन्ही झिजतात. ही सरक महिन्यांच्या हिशेबाने होते आणि परत फिरत नाही.

तिसरी वाट विषबाधेची. हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण तंत्रज्ञही हाच वापरतात. सिलिकॉनची वाफ या सेन्सरची मोठी वैरी आहे. पेटीच्या फटी बुजवायला आपण जो सिलिकॉनचा लगदा भरतो, त्याची वाफ सुकेपर्यंत निघत राहते आणि गोळीवर कायमचा थर धरते. पेटीत पाणी शिरू नये म्हणून हौसेने केलेला उपायच तिचे नाक बंद करतो! फवारणीत पान चांगले भिजावे म्हणून आपण जे चिकट-पसरणारे द्रव्य घालतो, त्यातही पुष्कळदा सिलिकॉन असते. म्हणून फवारणीचा पंप, औषधे आणि ही पेटी एका खोलीत ठेवू नयेत. फवारा तर पेटीवर कधीच पडू देऊ नये. शिवाय कांद्यातून येणारे गंधकाचे वायूही गोळीला हळूहळू त्रास देतात, आणि कांद्याच्या पापुद्र्यांची धूळ तिच्या जाळीवर बसते ती वेगळीच.

चौथ्या वाटेकडे कोणाचे लक्ष जात नाही, ती विजेची. या सेन्सरच्या हीटरला बरोबर ५ व्होल्ट हवेत. बॅटरी उतरून साडेचार व्होल्टच मिळाले तर गोळी कमी तापते आणि आकडा बदलतो. काही पेट्यांत निरोप पाठवणारा मोबाइलचा भाग आणि हीटर एकदमच चालू होतात. निरोप जाताना तो भाग क्षणभर दोन-दोन अँपिअर ओढतो आणि तेवढ्यात हीटर मंदावतो. असे दिसले तर सेन्सरला दोष देऊ नका. आधी रीडिंग घ्यावे आणि नंतर निरोप पाठवावा, असा क्रम पेटी बनवणाऱ्याकडून करून घ्या.

आता विजेचा हिशेब

या सेन्सरचा हीटर साधारण पाऊण ते ०.८ वॉट वीज खातो. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण तो चोवीस तास चालला तर दिवसाला १९.२ वॉट-तास होतात. आपली फवारणी पंपाची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी भरली तर तिच्यात ८४ वॉट-तास असतात. शिशाची बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवू नये हे आपण जाणताच, म्हणजे हातात राहिले ४२. एक सेन्सर दोन दिवस चालेल, दोन सेन्सर एक दिवस. श्रावणातल्या ढगात सूर्यपत्रा किती वीज देतो हे मी सांगायला नको.

त्यात आणखी एक गळती असते. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करण्यासाठी स्वस्त पेट्यांत ७८०५ नावाचा तीन पायांचा तुकडा बसवलेला असतो. तो उरलेले ७ व्होल्ट नुसते तापून जाळून टाकतो. म्हणजे सेन्सर पाऊण वॉट खातो आणि हा तुकडा त्याहून जास्त खातो. पेटी उघडून त्यावर बोट ठेवा. चटका बसला तर तुमचा सूर्यपत्रा त्या तुकड्यालाच पोसतो आहे असे समजा. त्याच्या जागी बक कन्व्हर्टर म्हणून लहानशी पट्टी मिळते. ती बसवली की ही नासाडी थांबते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही कारागीर हे काम करील.

पुढचा उपाय म्हणजे हीटरला झोपू देणे. चाळीतली सड दिवसा-दोन दिवसांत हळूहळू वाढते, ती मिनिटामिनिटाला पाहायची गरज नाही. तासातून ६ मिनिटे हीटर चालवला तर खर्च एकदम दहाव्या हिश्शावर येतो. दिवसाला १.९२ वॉट-तास. दोन सेन्सर असे चालवले तर ३.८४, आणि पेटीतल्या बाकीच्या खटाटोपासाठी आणखी एखादा धरा. सुमारे पाच वॉट-तासांत दिवस निघतो. तीच बॅटरी आता आठवडाभर ढगांत टिकते.

पण झोपेचीही किंमत आहे. हीटर बंद असताना गार गोळीवर ओलावा आणि वास जमतात. चालू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटे आकडा वेड्यासारखा उड्या मारतो, मग हळूहळू बसतो. पूर्ण स्थिर व्हायला एक-दोन दिवस सलग तापणे लागते, आणि तेवढे तापवले तर वाचवलेली वीज गेलीच. मग करायचे काय? पूर्ण स्थिर आकड्याचा हट्ट सोडायचा, पण चाल मात्र बदलायची नाही. दर तासाला ६ मिनिटे चालवायचे ठरले ना, मग प्रत्येक वेळी सहाव्या मिनिटाच्या शेवटी एकच आकडा घ्यायचा. आज चौथ्या मिनिटाचा आणि उद्या सहाव्या मिनिटाचा असे करायचे नाही. अर्धवट बसलेला आकडा रोज सारखाच अर्धवट असेल तर त्याची तुलना करता येते. आणि ज्या चालीत पासंग काढला त्याच चालीत वजन करायचे. पासंग काढताना पेटी दिवसभर सलग तापवली आणि चाळीत मात्र तासाला सहाच मिनिटे चालवली, तर तो पासंग कुचकामी ठरतो.

पासंग काढायचा कसा?

माझ्या मते चाळीसाठी सगळ्यांत सोपी रीत जोडीची आहे. एकसारखे दोन सेन्सर एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्यावेत. एक चाळीत, दुसरा चाळीबाहेर वाऱ्याच्या बाजूला, पागोळीपासून दूर पण छपराखाली. आतला सेन्सर कांद्याच्या ढिगात उभ्या केलेल्या, भोके पाडलेल्या प्लास्टिक नळीत टांगावा. आपली चाळ चहूबाजूंनी हवेशीर असते. नुसता खांबाला लावला तर वारा वास घेऊन जातो आणि सेन्सरला काहीच कळत नाही. दोन्ही सेन्सर एकाच ठरलेल्या वेळी जागे होतील असे करावे.

पाऊस आला, ओलावा वाढला, की दोघांचेही आकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात उतरतात. आतल्या आकड्याला बाहेरच्या आकड्याने भागले की हवामानाचा बहुतेक भाग निघून जातो आणि उरतो तो कांद्याचा वास. ढिगातला ओलावा बाहेरच्यापेक्षा थोडा वेगळा असतो, म्हणून हे अगदी काटेकोर नाही. पण सिन्नरसारखी फसगत यामुळे टळते.

वय आणि विषबाधा यांच्यासाठी आठवड्यातून एकदा आतला सेन्सर बाहेर काढावा आणि बाहेरच्याशेजारी एक दिवस टांगावा. जवळ चूल, गोठा, उकिरडा, धूर काढणारी मोटारसायकल नसावी. दोघेही तीच हवा हुंगत आहेत, मग त्यांच्या आकड्यांत जो फरक राहिला तो पासंग. पहाटेचा आणि दुपारचा असे दोन्ही वेळचे आकडे पाहावेत.

उदाहरण घेऊ. शेजारी टांगल्यावर बाहेरच्या सेन्सरचा आकडा २० आणि आतल्याचा १६ आला. १६ भागिले २० म्हणजे ०.८. हा पासंग वहीत लिहिला. आतला परत ढिगात ठेवला. दोन दिवसांनी पावसाळी हवेत आतल्याचा आकडा १० आणि बाहेरच्याचा १८ आला. पासंग ठाऊक नसलेला माणूस म्हणेल, विसावरून दहावर आला, निम्मा झाला, चाळ फोडा! हवामान वजा करणारा १० ला १८ ने भागील आणि ०.५६ म्हणेल. पण त्याला ०.८ ने भागले की उत्तर येते ०.६९. स्वच्छ हवा असती तर हे उत्तर १ आले असते. वास आहे, पण निम्म्यावर आलेला नाही. चाळीत जाऊन पाहावे, दोन-चार ठिकाणी हात घालावा, एवढाच त्याचा अर्थ.

उलटही होते आणि ते जास्त वाईट. समजा आतला सेन्सर धुळीने आणि वयाने वर सरकला. शेजारी टांगल्यावर आतला २५ आणि बाहेरचा २०, म्हणजे पासंग १.२५. ढिगात त्याचा आकडा १४ आणि बाहेरच्याचा १८ आला. साधा भागाकार ०.७८ देतो, माणूस निवांत झोपतो. पासंगाने भागले की ०.६२ येते. कांदा बोलत होता, पेटी दबून सांगत होती.

कोणत्या आकड्याला चाळ उघडायची हे मात्र मी लिहून देणार नाही. ते तुमच्या चाळीच्या बांधणीवर, नळी कुठे उभी केली त्यावर आणि कांद्याच्या जातीवर अवलंबून आहे. पहिला हंगाम आकडे लिहिण्याचा समजा. आकडा लिहायचा आणि शेजारी प्रत्यक्ष ढिगात काय दिसले तेही लिहायचे. घरात आठवी-नववीतले मूल असेल तर हे काम त्याच्याकडे किंवा तिच्याकडे द्या. भागाकाराचा सराव होईल आणि वही आपल्यापेक्षा नीटच राहील.

आणखी एक तपासणी महिन्यातून एकदा करावी. वरचा पासंग स्वच्छ हवेतला आहे. पण काही वेळा स्वच्छ हवेतला आकडा ठीक दिसतो आणि सेन्सर वासाला मात्र बधिर झालेला असतो. विषबाधेत बहुधा असेच होते. तेव्हा झाकणाच्या बादलीत अर्धा किलो सडका कांदा घालावा, दोन्ही सेन्सर वर टांगून झाकण लावावे आणि नेहमीच्याच चालीत दोन-तीन आकडे घ्यावेत. दोघेही सारखेच खाली आले तर उत्तम. एक निम्म्याहून खाली गेला आणि दुसरा जेमतेम हलला, तर तो दुसरा बदलावा. त्याला पासंग लावून उपयोग नाही. यासाठी लायटरचा गॅस, पेट्रोल किंवा स्पिरिट हुंगवू नये. एवढ्या तीव्र वासाने चांगला सेन्सरही पुढे कित्येक तास भ्रमात राहतो. शिवाय गोळी तापलेली असते, उगाच आगीशी खेळ कशाला?

"आपोआप सुधारते" म्हणजे काय?

महाग पेट्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते की पेटी आपली सरक आपणच सुधारते. हे खोटे नाही. विशेषतः कर्बवायू मोजणाऱ्या पेट्यांत ही सोय असते. आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, असे पेटी गृहीत धरते आणि तेथून पुढे मोजते. आज मोकळ्या हवेत कर्बवायू दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो. शाळेची खोली रात्री रिकामी होते, तेथे हे गृहीत बरोबर ठरते. पण अळिंबीच्या बंद खोलीत कर्बवायू रात्रंदिवस जास्तच असतो. तेथे पेटी त्या कोंदट हवेलाच मोकळी हवा समजू लागते आणि दर आठवड्याला थोडी थोडी खोटी होत जाते.

कांद्याच्या चाळीतही हीच गोम आहे. सड हळूहळू वाढते आणि सेन्सरही हळूहळू सरकतो. पेटीच्या आतल्या हिशेबाला दोन्हींत फरक करता येत नाही. आपोआप सुधारणा चालू असेल तर ती वाढणाऱ्या सडीलाच सरक समजून पुसून टाकते. म्हणून बंद किंवा भरलेल्या जागी ही सोय बंद करता येते का हे विकत घेतानाच विचारा. येत नसेल तर आठवड्यातून एकदा पेटीला खरोखरच शेतातल्या मोकळ्या हवेत न्या, म्हणजे तिचे गृहीत खरे होईल.

जेथे वीज वाचवायची नसते

हीटर झोपवण्याचे एवढे सांगितल्यावर कोणी स्वयंपाकघरातल्या गॅसच्या भोंग्यालाही झोपवील, म्हणून स्पष्ट लिहितो. तो चोवीस तास जागाच हवा. घरगुती गॅस हवेत सुमारे २ टक्के मिसळला की ठिणगीने भडकतो. गळती सुरू झाल्यापासून तेवढे व्हायला पाऊण तासाचीही झोप परवडत नाही. आणि वाचणार ते किती? दिवसाला १९.२ वॉट-तास, म्हणजे वर्षाला ७ युनिटे. बायका-मुलांच्या जिवापुढे ७ युनिटांचा हिशेब कोणी करू नये. वीज जाते त्या गावी मात्र त्याला बॅटरीची जोड द्यावी. वीज परत आल्यावर गोळी तापेपर्यंत तो कधी कधी उगाच ओरडतो. म्हणून गृहिणींनी त्याची पिन काढून ठेवू नये.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत पसरतो. भोंगा जमिनीपासून फूटभर उंचीवर लावावा. गोबरगॅसचा मिथेन मात्र हलका, त्याचा भोंगा आढ्याजवळ. भोंग्यावरचे तपासणीचे बटण दाबले की तो वाजतो, पण त्याने फक्त घसा तपासला जातो, नाक नव्हे. नाक तपासायला जाणकार तंत्रज्ञाकडून ठरावीक प्रमाणाचा वायू सोडून पाहावा लागतो. पाठीमागे बदलण्याची तारीख छापलेली असते, ती उलटली की वाजत असला तरी बदलावा.

विहिरीचे आणि गोबरगॅसच्या टाकीचे याहून कडक आहे. दरवर्षी कुठे ना कुठे एक माणूस गाळ काढायला उतरतो, खाली कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो आणि दोघेही वर येत नाहीत. वर सांगितलेला दोनशे रुपयांचा सेन्सर घेऊन विहिरीची हवा तपासू नये. तो प्राणवायू मोजतच नाही, आणि तेथे माणूस मरतो तो बहुधा प्राणवायूच्या अभावी. गोबरगॅसच्या टाकीत गंधकाचा विषारी वायूही असतो. तो थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि फार वाढला की आपले नाकच मारून टाकतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असे मुळीच समजू नये. कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल टाकीपाशी तर स्फोटालाच आमंत्रण आहे. अशा कामाला प्राणवायूसह चार वायू मोजणारे यंत्र लागते आणि ते उतरण्याच्या दिवशी तपासणीच्या वायूवर पारखलेले असावे लागते. ते नसेल तर माणूस उतरवू नका, पंपाने गाळ काढा.

कोंबड्यांच्या शेडचे थोडक्यात सांगतो. अमोनिया दहा लाखांत २५ भागांवर जाऊ देऊ नये असा संकेत आहे. तेथे विद्युत-रासायनिक घटाचा सेन्सर मिळतो. त्याला हीटर नसतो, त्यामुळे वीज जवळजवळ लागतच नाही. महाग आहे, दोन-तीन वर्षांत तो सुकतो आणि आकडा सरकतो. तरी ज्यांचे पाच-दहा हजार पक्षी आहेत त्यांनी टिन ऑक्साइडच्या मागे न लागता तोच घ्यावा असे मला वाटते. पासंग त्यालाही लागतो, रिकाम्या धुतलेल्या शेडमध्ये दर खेपेला काढावा.

चाळवाल्यांनी सुरुवात कांदा भरण्याआधीच करावी. मार्च-एप्रिलमध्ये चाळ रिकामी असते तेव्हा दोन्ही सेन्सर दोन दिवस सलग तापवून घ्यावेत, मग ठरलेल्या चालीत आठवडाभर रिकाम्या चाळीत चालवून कोऱ्या हवेचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. नोव्हेंबरात चाळ मोकळी झाली की जाळीवरची धूळ मऊ कुंचल्याने हलकेच झाडावी. फुंकू नये, पाण्याने तर पुसूच नये. दोन्ही सेन्सर कोरड्या डब्यात, औषधांच्या खोलीपासून दूर ठेवावेत, आणि डब्यात वहीही ठेवावी.